आतून लावलेली कडी

संडे स्कूलच्या ताईंना अख्खी मंडळी ताई म्हणायची ती त्यांच्या धाकट्या भावामुळे. लहानपणी तो "ताई, ताई" करत चर्चच्या आवारभर त्यांच्या मागे हिंडायचा. ती हाक आधी पोरांनी उचलली, मग पोरांच्या आईबापांनी, आणि शेवटी वयाने मोठे असलेले पाळकसाहेबही ताईच म्हणू लागले. आठवडाभर ताई चष्म्याच्या दुकानात काचा बसवायच्या. रविवारी सकाळी मोठी माणसं पुढे चर्चमध्ये उपासनेला बसली की मागच्या हॉलमध्ये तीसेक मुलं ताईंच्या ताब्यात. मधे एक फरसबंद अंगण, एवढंच अंतर.

मदतीला दोघं होती. ड्रायव्हरकाका आयुष्यभर बस चालवून निवृत्त झाले होते, आणि मुलं दंगा करायला लागली की अजूनही "पुढे सरका, पुढे जागा आहे" असंच ओरडायचे. दुसरी बारकी. अंगाने काडी, म्हणून बारकी. ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती. अगदी लहान मुलांचा गट तिच्याकडे होता, कारण पोरांना तोंड उघडायला आणि मिटायला लावण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

त्या रविवारी मुलं रंगीत कागदाचे मासे कापत बसली होती. मागच्या गल्लीपलीकडे बर्फाचा कारखाना होता. त्याचा भोंगा पाळी बदलताना वाजायचा, पण रविवारी कधीच नाही. त्या दिवशी तो वाजला, आणि वाजतच राहिला.

ताई खिडकीशी गेल्या. लख्ख उन्हात आवाराच्या भिंतीवरून पांढरं धुकं आत उतरत होतं. उतू गेलेलं दूध पातेल्यावरून ओघळतं तसं, जड आणि सावकाश. मग वास आला. वास कसला, नाकात कुणी सुई खुपसावी तसं झालं.

पहिला विचार आला तो मुलांना त्यांच्या आईबापांकडे न्यायचा. "रांग करा, एकमेकांचे हात धरा," असं म्हणत ताईंनी दार उघडलं. अंगण निम्मं पांढरं झालं होतं. पहिलाच श्वास घशात अडकला आणि डोळ्यांत तिखट गेल्यासारखी आग उठली. रांगेतला पहिला मुलगा खोकत खालीच बसला. ताईंनी त्याला दंडाला धरून आत ओढलं, दार लोटलं आणि कडी घातली.

पाळकसाहेबांचा फोन उपासनेच्या वेळी बंद असायचा. बारकीने अग्निशमन दलाला फोन लावला. आवाज इतका कापत होता की पत्ता तिला पुन्हा सांगावा लागला. पलीकडचा माणूस म्हणाला, कारखान्यात अमोनियाचा पाइप फुटलाय, आमच्या गाड्या निघाल्यात. पंखे बंद करा, दारं-खिडक्या लावून घ्या, फटी ओल्या कापडाने बुजवा. कुणालाही दार उघडू नका.

"कुणालाही?" बारकीने विचारलं.

"कुणालाही," तो म्हणाला.

खिडक्यांना काचा होत्या, पण वर छताजवळचे झरोके उघडेच होते. काकांनी नाताळच्या नाटकाच्या कपड्यांची पेटी उपडी केली. मेंढपाळांचे झगे, देवदूतांच्या पांढऱ्या चादरी, राजाचा मखमली अंगरखा, जे हाताला लागेल ते पाण्याच्या पिंपात बुचकळून बाकावर चढून ते झरोक्यांत कोंबू लागले. ताई दाराच्या खालच्या फटीत चादरी दाबत होत्या.

"ताई, आपण मरणार का?" एका मुलाने विचारलं. अगदी साध्या आवाजात, सुट्टी कधी होणार असं विचारावं तसं.

ताईंना खोटं बोलवेना आणि खरं काय ते माहीत नव्हतं. "आत्ता आपण रुमाल भिजवून तोंडाला लावणार आहोत," त्या म्हणाल्या. "वाळला की परत भिजवणार आहोत. बोलायचं नाही, पळायचं नाही. चला, बाकांखाली नको, सगळे मधे बसा."

प्रार्थना करावी असं त्यांच्या मनात होतं. पण एरवी तोंडपाठ असलेली ओळसुद्धा आठवेना. नुसतं "देवा, देवा" एवढंच डोक्यात घुमत होतं.

कोपऱ्यात बारकी भिंतीला टेकून उभी होती, तोंड उघडं, श्वास वर-वर. ताई तिच्याजवळ गेल्या. "बारके, तुझी पिल्लं तुझ्या तोंडाकडे बघतायत. रडायचं असेल तर रुमालाआड रड. पण त्यांच्यात जाऊन बस." बारकीने मान हलवली आणि जाऊन बसली. दोन पोरं लगेच तिच्या मांडीत शिरली.

तेवढ्यात दारावर धडका बसू लागल्या.

"ताई, दार उघड."

भावाचा आवाज होता. पुढे चर्चमध्येही दारं लावून घेतली होती, पाळकसाहेब आईबापांना कसंबसं थोपवून धरत होते, हे नंतर कळलं. हा मात्र सगळ्यांना ढकलून बाहेर पडला होता.

"टिल्लीला माझ्याकडे दे. मी तिला घेऊन जातो."

टिल्ली म्हणजे त्याची मुलगी. बापाचा आवाज ऐकताच ती उठून दाराकडे धावली. ताईंनी तिला पोटाशी धरलं आणि दाराला तोंड लावून म्हणाल्या, "आम्ही आत ठीक आहोत. तू परत जा."

"परत कुठे जाऊ? मला काही दिसत नाहीये, ताई." मग नुसता खोकला. "डोळे उघडतच नाहीत. उघड ना."

आई कामावर जायची तेव्हा या भावाला ताईंनी कडेवर घेऊन वाढवलं होतं. त्याने असं "उघड ना" म्हटल्यावर कुणी काय सांगितलं होतं, सगळं पुसून गेलं. हात आपोआप कडीवर गेला. कडी अर्धी सरकलीही. तेवढ्यात काकांचा हात त्यांच्या हातावर पडला.

"हात काढ, पोरी," काका म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी ताईंना कधी अगं-तुगं केलं नव्हतं. "मागे बघ किती जण आहेत."

"तो मरेल, काका."

"मग त्याला दुसरीकडून आत घेऊ."

हॉलच्या टोकाला अडगळीची खोली होती. तिचं एक दार हॉलमध्ये उघडायचं, दुसरं बाहेर आवारात. बाहेरचं दार कित्येक वर्षांत कुणी उघडलं नव्हतं, कारण त्याला मोडकी बाकं लावून ठेवली होती. काका आणि बारकी बाकं ओढायला लागले. बारकीच्या तळहातात खिळा घुसला, तिला ते नंतर रक्त दिसलं तेव्हा कळलं. वाट झाल्यावर काकांनी तिला हॉलमध्ये पाठवलं, पाण्याची बादली आत घेतली आणि एक ओला झगा डोक्यावरून पांघरला.

"मी आत गेलो की हे मधलं दार लावा आणि बुजवा," ते म्हणाले. "मी म्हटलं तरी उघडायचं नाही. रडलो तरी नाही."

ताईंनी मधलं दार लावलं. मग पाणी प्यायचा स्टीलचा पेला घेतला आणि बाहेरच्या भिंतीवर आतून ठोकायला सुरुवात केली. "ऐकतोयस का? भिंतीला हात लाव. मी जिकडे वाजवते तिकडे चालत ये."

पलीकडून थाप आली. ताई एक पाऊल सरकल्या, ठोकलं. थाप आली. पुन्हा सरकल्या. टिल्लीनेही दुसरा पेला उचलला आणि आत्याच्या शेजारी भिंत बडवायला लागली. मधेच पलीकडची थाप थांबली. त्या दोघी जागच्या जागी ठोकत राहिल्या, ठोकत राहिल्या, आणि बऱ्याच वेळाने अगदी खालून, गुडघ्याएवढ्या उंचीवरून थाप आली. तो रांगत होता.

मग अडगळीच्या खोलीचं बाहेरचं दार करकरलं आणि काकांची हाळी ऐकू आली, "पुढे सरका, पुढे." काहीतरी धपकन पडलं. दार आपटलं. पाण्याचा आवाज, खोकला, पुन्हा पाणी.

ताई मधल्या दाराला कान लावून बसल्या. खोकला ऐकू येत होता तोवर धीर होता. मग तोही थांबला.

"काका?"

ताईंनी पेल्याने दार ठोकलं. पुन्हा ठोकलं.

"आत्या, पप्पा बोलत का नाहीत?" टिल्लीने विचारलं.

"त्यांनीही रुमाल लावलाय तोंडाला," ताई म्हणाल्या. पुढच्या आयुष्यात त्यांना त्या दिवसातलं काय आठवायचं, तर भोंगा नाही, धुकं नाही, ती मधल्या दारापलीकडची शांतता. मागे सगळी मुलं जिवंत होती, पुढे दोन माणसं होती की नव्हती, आणि आपण मधे बसून एका लाकडी फळीकडे बघतोय.

अग्निशमन दलाच्या गाड्या आल्या त्या गल्लीभर पाण्याचे फवारे मारत. पांढरं विरळ होत गेलं. मुखवटे घातलेली माणसं हॉलच्या दारात उभी राहिली तेव्हा इतका वेळ गप्प बसलेली मुलं किंचाळायला लागली. बारकी उठली. तिचा रुमाल रक्ताने भरला होता. "घाबरू नका रे," ती म्हणाली, "आमच्या डॉक्टरांच्या मास्कचा हा थोरला भाऊ आहे." एक मुलगी हसली, मग आणखी दोघं. तेवढ्यावर ती सगळी रांग बाहेर पडली.

अडगळीच्या खोलीत काका भिंतीला टेकून बसले होते आणि भावाचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. काकांनी ओला झगा आपल्या तोंडावरून काढून त्याच्या तोंडावर घातला होता. श्वास दोघांचाही चालू होता.

एकही मूल दगावलं नाही. काही जणांना खोकला राहिला, तोही गेला. काका बरेच दिवस ऑक्सिजनवर होते. घरी आले ते जिना चढताना मधे दोनदा बसणारे काका होऊन. भावाचा उजवा डोळा सुधारला, डाव्यात फूल पडल्यासारखं पांढरं राहिलं. तो गाड्यांना रंग मारायचा. म्हणाला, "सरळ रेघ बघायला मी तसाही एक डोळा मिटतोच."

भावजय मात्र हसली नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती ताईंना म्हणाली, "तुम्ही त्यांचा आवाज ओळखलात ना? तरी कडी काढली नाहीत." त्यानंतर ती ताईंशी बोलेनाशी झाली.

संडे स्कूल बंद पडलं. काही आठवड्यांनी पाळकसाहेबांनी आईबापांना बोलावलं आणि ताईंना म्हणाले, "तुम्हीच बोला, ताई. लोकांना तुमच्याकडूनच ऐकायचंय." ताई आदल्या दिवशी जेवल्या नाहीत. धुक्याची भीती वेगळी होती. ही माणसांची भीती होती.

सुरुवातीला पाळकसाहेब म्हणाले, देवाने ताईंना त्या दिवशी दार बंद ठेवायचं बळ दिलं. ताई बाकाची कड धरून उभ्या राहिल्या.

"माझ्यात बळ नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी कडी काढत होते. काकांनी हात धरला म्हणून तुमची मुलं आहेत. आणि माझा भाऊही त्यांच्यामुळेच आहे."

मग मागून एका मुलीचे वडील उठले. "ते सगळं ठीक. पण माझी मुलगी आत आणि मी बाहेर असताना, मला माझ्या मुलीपासून अडवणारे तुम्ही कोण?"

"कुणी नाही," ताई म्हणाल्या. "पण पुन्हा असं झालं तर मी तुम्हाला अडवणारच. तेव्हा काका नसले तरी अडवावं लागेल. म्हणून आजच विचारते. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी मुलांना आपल्याजवळ बसवावं, मला राग नाही. बाकीच्यांनी पुढच्या रविवारी मुलांबरोबर हॉलमध्ये येऊन बसावं. कितीही रविवार बसा. अडगळीची खोली आपण सगळे मिळून रिकामी करू. आणि कारखान्यात मी जाणार आहे, त्यांनी आम्हाला काय कळवायला हवं होतं ते विचारायला. मला एकटीला जायची भीती वाटते, कुणीतरी या."

ते वडीलच गेले त्यांच्याबरोबर.

बारकीने फोनवर सांगितलं होतं की मुलांना सांभाळायला परत यायला तिला जमणार नाही. ताई तिच्या घरी गेल्या. बारकी भांडी घासत होती, ती पाठमोरीच म्हणाली, "दवाखान्यात औषधाचा वास आला तरी माझे हात थांबतात. मी मुलांना काय सांभाळणार?"

"माझंही तसंच होतं," ताई म्हणाल्या. "परवा दुकानात काच पुसायच्या पाण्याची बाटली फुटली, तोच वास आला, तर मी रस्त्यावर पळत सुटले. गिऱ्हाईक चष्म्याविना तसंच बसून."

बारकी वळली. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर हसू दिसलं.

पहिल्या रविवारी निम्मीच मुलं आली, आणि मुलांपेक्षा मोठी माणसं जास्त. छोट्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन आई-बाप बसले होते. धडा कुणी ऐकला असेल असं वाटत नाही. वाऱ्याने खिडकी वाजली तरी सगळ्यांच्या माना वळत. बारकी आली होती, तळहातावर खिळ्याचा व्रण. भाऊ टिल्लीला घेऊन आला, आणि त्यांच्या मागून भावजय. ती सगळ्यात मागे, दाराजवळ बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. ताईंकडे तिने पाहिलं नाही.

ती दर रविवारी येत राहिली. हळूहळू बाकीचे आईबाप उपासनेला परत जाऊ लागले, ती मात्र मागच्या बाकावरून हलली नाही. ताईंनीही तिला हटकलं नाही. कारखान्याने नवीन पाइप टाकले म्हणे. ताईंना त्यावर फारसा भरवसा नव्हता, तरी त्या शिकवत होत्या. मधेच आवाज कापायचा, मग पाणी पिऊन पुढे सुरू.

एका रविवारी ताई गोष्ट सांगत होत्या आणि बारकी एका रडणाऱ्याला शांत करत होती, तेव्हा एक अगदी छोटा मुलगा चड्डी धरून चुळबुळायला लागला. कुणाचं लक्ष जाण्याआधी भावजय उठली, पर्स बाकावर ठेवली आणि त्याचं बोट धरून त्याला बाहेर घेऊन गेली. परत आली तेव्हा तिने त्याला त्याच्या जागी बसवलं, आणि स्वतः त्याच्या शेजारीच बसली.

ताईंची गोष्ट क्षणभर थांबली होती.

"सांगा ना पुढे," भावजय म्हणाली. "पोरं वाट बघतायत."