ओट्यावरची आई

कामशेतच्या जिममध्ये मी जागेवरच्या सायकलींचा क्लास घेते. पडद्यावरचे परदेशी डोंगर बघून बायका कंटाळल्या, म्हणून मी स्कूटरवरून तिकोणा पेठेचा रस्ताच मोबाइलवर शूट करून पडद्यावर लावला. चढाला जोर, उताराला दम खायचा, असं नीट आखलं.

ऐन चढाला हर्षदाचे पाय थांबले.

"आता काय झालं?" मी खेकसले.

"मॅडम, माझं माहेर आलं. ती बघा, आई ओट्यावर बसलीय. दारावरून तशीच कशी जाऊ?"

"अगं, व्हिडिओ आहे तो!"

"व्हय. पन ती हात हलवतीय."

मी कपाळाला हात लावला आणि आखणी बदलली. दम आता तिथंच.

पुढच्या क्लासला त्या घरापाशी सगळ्याच थांबल्या. यशोधरा हळूच म्हणाली, "मॅडम, एकदा परंदवडीचा रस्ता घ्या. माझी आईबी दारातच बसती."