कूपनाच्या मागची आत्या

दचकू नका, टेबलाजवळून आवाज येतोय तो माझाच. मी केराची टोपली. कुणाचा अर्ज, कुणाची विनंती, कुणाचा चांगला सल्ला आला की माणसं ज्या टोपलीचं नाव घेतात, तीच. दाखवण्यापुरतं माझं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. वाकून आत बघायची तसदी मात्र कुणी घेत नाही.

मी वेताची आहे. मला विणणाऱ्या बाईने फळं ठेवायला म्हणून विणलं होतं. काठाला हौसेने दुपदरी वेणी घातली होती आणि "हिच्यात सफरचंदं छान दिसतील," असं ती स्वतःशीच म्हणाली होती. मग संपादकांच्या मेहुण्याने मला दुकानातून उचललं, ऑफिसात आणलं आणि पायाने टेबलाखाली सरकवलं. सफरचंदं माझ्या वाट्याला आली, नाही असं नाही. पण खाऊन उरलेली.

ऑफिस एका कॉमिकचं होतं. महिन्याला एक अंक निघायचा आणि त्यात एल्फ असायचे. एल्फ म्हणजे टोकदार कानांची, रानात राहणारी आणि शेकडो वर्षं जगणारी जमात. आमचे संपादक नव्या माणसाला असंच समजावून सांगायचे. स्वतःही शेकडो वर्षं जगणार असल्याच्या थाटात ते सगळी कामं उद्यावर टाकायचे.

त्यांचा मेहुणा टपाल बघायचा. टपाल बघायचा म्हणजे पाकिटं फोडायचा. वाचणं हा त्याचा प्रांत नव्हता. ऑफिसात त्याला सगळे पाठीमागे 'मेहुणेसाहेब' म्हणत, आणि तो ते ऐकून खूशही व्हायचा. खिडकीजवळच्या टेबलावर ताई बसायच्या. त्या चित्रं काढायच्या, म्हणजे खरं तर अख्खं कॉमिक त्याच काढायच्या. आणि रोज सकाळी झाडलोट करून मला रिकामं करायला मावशी यायच्या. माझ्याशी दोन शब्द बोलणारं त्या ऑफिसात एवढं एकच माणूस. "आज फार खाल्लंस गं," असं म्हणत त्या मला उपडी करायच्या.

पन्नासावा अंक आला आणि संपादकांना कल्पना सुचली. त्यांना कल्पना सुचली की ताईंच्या मानेची शीर दुखायला लागायची. या अंकात चारही एल्फांची ओळख करून द्यायची, प्रत्येकाला एक पूर्ण पान, असं ठरलं.

पहिला रुपेरी सेनापती. वय पाचशे, गालावर सुरकुती सोडाच, तीळसुद्धा नाही. हा गुहेत शिरला तरी याचे केस वाऱ्यावर उडत असतात. दुसरी हरणांशी बोलणारी राजकन्या. हरणं काय उत्तर देतात हे चार वर्षांत कळलेलं नाही, पण चेहऱ्यावरून तरी कंटाळलेली दिसतात. तिसरा धाकटा जादूगार. दर अंकात त्याचा मंत्र चुकतो आणि दर अंकात तो "अरेच्चा!" म्हणतो. हे तिघेही संपादकांनी सांगून सांगून काढून घेतले होते.

चौथी बाणआत्या. ती ताईंनी आपल्या मनाने काढली होती. आठशे वर्षांची, एक कान मुडपलेला, बोटांना डिंक लागलेला. लढाई संपून सगळे जयजयकार करत निघून गेले की ही मैदानात येते, पडलेले बाण वेचते, वाकलेले सरळ करते, त्यांना नवी पिसं लावते. कधी कधी शत्रूचेही. विचारलं तर म्हणते, "बाणाला काय कळतं, तो कुणाचा ते?" तिच्यासाठी ताई सगळ्यांत बारीक निब वापरायच्या आणि तेवढ्या वेळात फोन आला तरी उचलायच्या नाहीत.

"चार फार होतात," संपादक म्हणाले. "वाचकांनाच विचारू. कूपन छापू. ज्याला सगळ्यांत कमी मतं, तो पुढच्या अंकात मरेल. लोकांना मरण आवडतं, ताई."

ताईंनी मान वर केली. "विचारा की. बाणआत्याची मला काळजी नाही. तिची माणसं आहेत."

अंक निघाला. कूपन 'वाचक म्हणतात' या पानाच्या वरच्या कोपऱ्यात होतं. त्या पानावरची पत्रं मेहुणेसाहेब स्वतःच लिहायचे. 'सेनापतींचे केस पाहून माझे भान हरपले. आपली एक चाहती.' ही चाहती दुपारी डबा खाल्ल्यावर ढेकर द्यायची, ते मी अगदी जवळून ऐकलंय. तर, कूपन त्या कोपऱ्यात. आणि पान उलटलं की बरोबर त्याच जागी बाणआत्याचा चेहरा. पानं लावणाऱ्या माणसाने जागा उरली तिथे कूपन बसवलं होतं. मागे काय आहे हे त्याने पाहिलं नाही, संपादकांनी पाहिलं नाही आणि ताईंना छापून आल्यावर स्वतःचं काम बघवत नसल्याने त्यांनीही पाहिलं नाही.

मला मात्र आठवड्याभरातच कळलं.

मेहुणेसाहेबांची रीत अशी. पाकीट फोडायचं, उपडं करायचं. कूपन पडलं तर वहीत एक रेघ. कूपन नसेल तर पत्राचा बोळा आणि माझ्याकडे रवानगी. "नियम म्हणजे नियम," असं ते प्रत्येक बोळ्यामागे म्हणायचे. नेम इतका वाईट की निम्मे बोळे बाहेर पडायचे.

आत पडलेले मी वाचले. मला दुसरं काम काय?

एका शिंप्याने लिहिलं होतं: 'माझं मत बाणआत्याला. कूपन पाठवत नाही, मागे तिचा चेहरा आहे. कात्री माझ्या रोजच्या हातातली, पण चालली नाही. राग मानू नये.' दवाखान्यात मलमपट्टी करणाऱ्या एका बाईंचं पत्र होतं: 'लढाई संपल्यावरही काम उरतं हे तुमच्या कॉमिकात एकटी तीच दाखवते. कूपन कापवलं नाही.' एका नवऱ्याने लिहिलं होतं: 'मी कूपन कापायला घेतलं म्हणून बायकोने अंक लपवून ठेवलाय. तेव्हा हे मत दोघांचं धरावं.' एका मुलीने तर कूपन हाताने काढून पाठवलं होतं, पट्टीने रेघा मारून, कडेचं कात्रीचं चित्रसुद्धा काढून. मेहुणेसाहेबांनी ते दोन बोटांत धरलं, "नकली!" म्हणाले आणि टाकलं.

तीन आठवडे रोज माझं पोट अशा पत्रांनी भरत होतं, रोज सकाळी मावशी मला उपडी करत होत्या. मी म्हणजे नुसतं तोंडच. पण तेव्हा या तोंडातून आवाज निघत नव्हता. इतका राग मला सफरचंदांचाही आला नव्हता.

निकाल लागला. सेनापतीला चारशे बारा. बाणआत्याला अकरा. त्या अकरा जणांनी बहुधा दोन-दोन अंक घेतले असावेत.

"तिची माणसं आहेत म्हणाला होतात ना?" मेहुणेसाहेबांनी दात काढले.

ताईंनी आत्याच्या मरणाचं पान काढायला घेतलं. एक काढलं, चुरगाळलं, मला दिलं. दुसरं काढलं, तेही दिलं. पाच पानं झाल्यावर त्या तशाच उठून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी मला उचलतच होत्या, तेवढ्यात ताई लवकर आल्या. "थांबा मावशी. त्यातल्या एका पानावर तिचा हात चांगला जमला होता." त्या खाली बसल्या आणि त्यांनी माझ्यात हात घातला. इतक्या वर्षांत काहीतरी काढून घ्यायला माझ्यात हात घालणारं हे पहिलंच माणूस.

हाताला आलं ते शिंप्याचं पत्र. हा गृहस्थ पत्राचं उत्तर आलं नाही म्हणून दुसऱ्यांदा लिहीत होता. ताईंनी बोळा उलगडला. वाचला. दुसरा उलगडला. मग त्यांनी ताज्या अंकाचं पान उलटून पाहिलं आणि फरशीवरच बसून राहिल्या.

"असली रोज पाच-पंचवीस जातात, ताई," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं तुम्ही वाचून टाकता."

ताईंनी मावशींकडे बघितलं. मावशींचा चेहरा उतरला. "मी काय करू, मला सांगितलं रिकामी करायची..."

"तुमचं नाही हो काही," ताई म्हणाल्या आणि तिथेच रडल्या.

त्या दिवशी माझ्यात सातच पत्रं होती. ती हाताने सरळ करून ताई संपादकांकडे गेल्या. पान उलटून दाखवलं, कूपन दाखवलं, पत्रं दाखवली. "तिला मत द्यायचं तर तिचाच चेहरा कापायला लागत होता, साहेब."

संपादकांनी चष्मा लावला. पत्रं मोजली. वाचली नाहीत, मोजली. "सात," ते म्हणाले. "अकरा आणि सात अठरा. तरी शेवटचीच की हो."

माणसाला आकडे शिकवले कुणी, हे मला एकदा कळायला हवं.

ताईंनी पान काढून दिलं. मैदानात सगळे निघून गेलेत, आत्या बसल्या जागी गेली आहे आणि तिच्या मांडीवरचा बाण सरळ झालेला आहे. संपादक म्हणाले, "रक्त जरा हवं होतं."

पुढच्या अंकात पुन्हा मतदान होतं, 'सर्वांत लाडका एल्फ'. या वेळी ताई पानं लावणाऱ्याजवळ स्वतः जाऊन उभ्या राहिल्या आणि कूपन सेनापतीच्या चेहऱ्यामागे बसवून घेतलं. मी वाट बघत बसले. म्हटलं, आता कळेल.

कूपनं पोत्याने आली. सहाशेच्या वर, बहुतेक सेनापतीलाच. ताईंनी एकेक उलटून पाहिलं. मागे कुठे नाक, कुठे ते उडणारे केस, सगळं सरळ रेषेत कापलेलं. त्याच्या लाडक्या वाचकांनी त्याचं तोंड कापून पाठवलं होतं आणि एकाचाही हात अडला नव्हता. 'कापवेना' म्हणणारं पत्र एकही नाही. ताई हसायला लागल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या.

"काय झालं?" मेहुणेसाहेबांनी विचारलं.

"काही नाही. तुमचे सेनापती जिंकले. अभिनंदन."

त्या आठवड्यात त्यांनी आपली निबं आणि शाईच्या बाटल्या बांधल्या. माझं बूड एका बाजूने सुटलं होतं. मेहुणेसाहेबांनी प्लास्टिकची नवी टोपली आणून मला दाराबाहेर ठेवलं होतं. टोपलीलाच केराची टोपली दाखवणारा हा एकच माणूस मी पाहिला. ताई जाता जाता वाकल्या आणि मला काखेत मारून घेऊन गेल्या.

आता मी त्यांच्या घरी टेबलाजवळ असते. बुडाला त्यांनी दोरा ओवलाय. माझ्यात ती सात पत्रं आहेत आणि मला कुणी रिकामं करत नाही. त्या सातही जणांना ताईंनी बाणआत्या पाठवली, प्रत्येकाला वेगळी, बारीक निबाने काढलेली. मागची बाजू कोरी ठेवून.

बाकीच्यांचे पत्ते गेले. पट्टीने रेघा मारणाऱ्या त्या मुलीचाही गेला. ती सगळी पत्रं माझ्याच पोटातून गेली आणि मला त्यांतलं एकही धरून ठेवता आलं नाही. तुम्ही त्यांच्यापैकी असाल, तुमच्या घरी तो अंक अजून न कापता पडला असेल, तर एवढंच सांगते: तुमचं पत्र पोचलं होतं. कुणीतरी ते वाचलं होतं.