सरपंचाच्या घराचा पत्ता

तिसऱ्यांदा फोन लावला तेव्हाही अँब्युलन्सवालीने तेच विचारलं, "घर नंबर?"

"ओढ्यापलीकडची रोमा लोकांची वस्ती. निळं दार," आरांका म्हणाली.

"निळं दार हा पत्ता नाही, बाई. नंबराशिवाय गाडी पाठवता येत नाही."

चाळीस वर्षं माणसं राहत होती, तरी सरकारी कागदावर तिथे नुसतं कुरण होतं. साथ आली तेव्हा वस्ती बंद करायला पुलावर पोलीस मात्र बरोब्बर येऊन उभा राहिला. त्याला नंबर लागला नाही. आत तिचा नवरा गेझा तोंड उघडून श्वास ओढत होता आणि त्याचे ओठ काळेनिळे पडायला लागले होते. आरांकाचं डोकं सणकलं.

"दार उतरवा," तिने दोन्ही दिरांना सांगितलं.

बिजागऱ्या काढून त्यांनी गेझाला त्या निळ्या दारावर निजवलं आणि तिघांनी मिळून उचललं. पुलावर पोलीस आडवा आला.

"वस्तीबाहेर जायला बंदी आहे."

"मग तू उचल. ये असा, याच्या तोंडापाशी धर," आरांका म्हणाली.

गेझा खोकला. पोलीस कठड्याला चिकटला.

चर्चसमोर सरपंचाचं घर. फाटकापाशी दार जमिनीवर टेकवून आरांकाने चौथा फोन लावला. "मुख्य रस्ता, घर नंबर बारा. माणूस गुदमरतोय." अकरा मिनिटांत अँब्युलन्स आली, तीही भोंगा वाजवत. ऑक्सिजनचा मास्क लागला आणि गेझाची छाती जरा सावकाश हलू लागली. आरांकाला तिथेच रडू फुटलं, पण ते तिने सरपंचाला दिसू दिलं नाही.

तो घरच्या सपाता घालूनच बाहेर आला होता. "हा माझा पत्ता आहे!"

गेझाने मास्क जरासा वर केला. "माहीत आहे, सरपंच. नंबराची पाटी मीच बसवली. भिंतसुद्धा मीच बांधली."

"बोलू नकोस, श्वास घे," आरांका त्याच्यावर खेकसली.

गाडी गेली. दिरांनी रिकामं दार उचललं, तेव्हा ती सरपंचाकडे वळली.

"माझ्या जावेलाही कालपासून ताप आहे. उद्यापर्यंत आमच्या घरांना नंबर द्या. नाहीतर हे फाटक उघडं ठेवा, दार आत आणायला जड जातं."