बाजार पडेपर्यंत

"सुरी ब्रेकसाहेबांच्या हातात द्या," मॅनेजर म्हणाला. "आज मान त्यांचा."

ब्रेकने सुरी घेतली. शेअर बाजाराच्या निर्देशांकाने नवा उच्चांक गाठला की शेअर दलालीच्या त्या शाखेत केक कापायचा, अशी पद्धत पडली होती. सुरुवातीला ही वर्षाकाठची गंमत होती. पुढे उच्चांकांचा असा सुकाळ झाला की कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने कायमची ऑर्डर लिहून घेतली, आणि केकच्या कमाईतून त्यानेही याच शाखेत खाते उघडले. आता तो केक पोचवायला येई आणि जाताना आपल्या शेअरचा भाव विचारून जाई.

"साहेब, आज तरी तोंडातून चांगलं काढा," एक तरुण डीलर म्हणाली. "काय वाटतं? अजून वर?"

"पडणार," ब्रेक म्हणाला आणि त्याने केक कापला.

सगळे पोट धरून हसले. या एका शब्दासाठीच तर सुरी त्याच्याकडे देत असत.

ब्रेक हे अर्थातच त्याचे खरे नाव नव्हे. शाखेतला तो सगळ्यांत जुना डीलर. ग्राहकाने फोनवर सांगितलेला सौदा संगणकात घालायचा, एवढेच काम. पण मागच्या मोठ्या पडझडीत त्याने चांगल्या धट्ट्याकट्ट्या माणसांना फोनवर रडताना ऐकले होते. तेव्हापासून कोणी 'घ्या' म्हटले की त्याच्या घशातून आपोआप 'जरा जपून' निघे. चढत्या बाजारात असा माणूस कोणाला परवडतो? पण त्याला काढायचे म्हणजे इतक्या वर्षांच्या नोकरीचा हिशेब चुकता करावा लागला असता, म्हणून मॅनेजरने टोपणनावावर भागवले होते.

केकची बशी घेऊन तो जागेवर आला तर फोन वाजत होता. शाखेतला प्रत्येक फोन ध्वनिमुद्रित होई, आणि नियम असा की ग्राहक सख्ख्या नात्यातला असला तरी ओळख दाखवायची नाही.

"खातेक्रमांक सांगा."

"मीच रे. ताई बोलतेय."

"मॅडम, खातेक्रमांक."

ताईने सांगितला.

"जन्मतारीख?"

"तुझ्याआधी पाच वर्षं धर."

"मॅडम, तारीख लागेल."

तिने तारीखही सांगितली. मग घोकून ठेवल्यासारखी एका दमात म्हणाली, "बँकेतली सगळी ठेव मोडलीय. मला शेअर घ्यायचेत."

"कुठले?"

"सगळे घेतात ते."

"आम्हाला सुचवता येत नाही, मॅडम."

"आजवर तूच सुचवत आलास की."

हेही मुद्रित झाले. ब्रेक खाकरला, आवाज नीट येत नाही म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. आवाज घंटेसारखा स्वच्छ येत होता.

ताई हॉस्पिटलातून नर्स म्हणून निवृत्त झाली होती. मेहुणे गेले तेव्हा तिच्याजवळ दोन गोष्टी राहिल्या. एक, ज्यात तिचा सगळा संसार झाला ते दोन खोल्यांचे भाड्याचे घर. दुसरी, मेहुण्यांनी पगारातून पै-पैसा बाजूला काढून घेतलेले शेअर. शेअरचे काय करायचे, हे तिने धाकट्या भावाला विचारले. तो त्याच धंद्यातला. आणखी कोणाला विचारणार? ब्रेकने तिच्या स्वयंपाकघरात बसून वाण्याच्या बिलामागे आलेख काढला. बाजार फुगलाय, विकून टाक, पडला की निम्म्यात परत घेऊ. दुसऱ्या दिवशी तिने शाखेत फोन केला आणि त्याने 'मॅडम, मॅडम' करत सगळे विकले; पैसे बँकेत ठेवीत गेले.

आणि बाजार खरोखर घसरला. फार नाही, पण दोन-तीन महिने घसरत राहिला. ब्रेकच्या आयुष्यातला तो सगळ्यांत सुखाचा काळ. ताई जिन्यात भेटेल त्याला सांगायची, माझ्या भावाला आधीच कळलं होतं. तेव्हाच परत घ्यायला हवे होते. पण निम्मी किंमत अजून लांब होती. मग बाजार वळला, ताईने विकलेल्या किमतीच्या वर गेला, आणि ब्रेक तिथेच रुतला. विकले त्याहून महाग घ्यायचे म्हणजे चुकलो म्हणायचे. तेवढे सोडून तो काहीही करायला तयार होता. त्याने वाचन वाढवले. बाजार का पडणार याची त्याच्याजवळ इतकी कारणे जमली की एकेक खोडून काढायला कुणाची टाप नव्हती. बाजाराजवळ चढायला एकही धड कारण नव्हते, आणि तो चढत होता. दूर कुठे युद्ध पेटल्याची बातमी आली की ब्रेकला सकाळी चहा गोड लागे. मग स्वतःचीच किळस येऊन तो चहा अर्धा टाकून उठे.

लग्न त्याने केले नव्हते. तिथेही मामा भाव उतरायची वाट बघत बसले, असे ताईचा मुलगा म्हणे.

मधे एकदा बाजार सपाटून आपटला. शाखेत केक बंद झाले, बेकरीवाला फोनवर गहिवरला. किंमत उतरत उतरत, ताईने विकले होते त्याच्या अगदी बोटभर वर येऊन टेकली. ताईने त्या संध्याकाळी स्वतःहून विचारले, "आता घेऊ का रे?"

"अजून थोडं," ब्रेक म्हणाला.

पुढच्या आठवड्यात बाजार उसळला. त्यानंतर ती किंमत पुन्हा कोणाला दिसली नाही. ताईने तो विषय परत काढला नाही. तिने काढला असता तर बरे झाले असते.

आणि आता घरमालक वारला होता. त्याच्या मुलांना घर विकायचे होते. वडिलांच्या वेळची भाडेकरू म्हणून त्यांनी ताईला आधी विचारले होते; महिन्याभरात घ्या, नाहीतर रिकामे करा. मेहुण्यांचे शेअर असते तर ताईने घर घेऊन वर रंगही लावून घेतला असता. तिच्या ठेवीत निम्मे घर बसत होते.

संध्याकाळी ब्रेक तिच्याकडे गेला तेव्हा वरच्या मजल्यावरचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर बाही वर करून बसले होते. बिल्डिंगमधले सगळे रक्तदाब ताईकडून मोजून घेत. त्यासाठी कोणी वेळ विचारत नसे. बेल वाजवायची आणि हात पुढे करायचा.

"या, बाजारवाले या," मास्तर म्हणाले. "माझे तर दुप्पट झाले बुवा. काही कळत नाही त्यातलं, हेच बरं झालं बहुतेक."

"बोलू नका, रीडिंग चुकतं," ताई म्हणाली. पट्टा सोडून तिने आकडा सांगितला. "मीठ कमी करा. दुप्पट झाले म्हणून मीठ दुप्पट नको."

मास्तर गेले. ताईने चहा ठेवला.

"फोन का कापलास?"

"ताई, महिन्याभरासाठी कोणी शेअरमध्ये घालत नाही. त्यात आत्ता, या भावाला. उद्या पडला तर जे आहे तेही जाईल."

"तू हे कधीपासून म्हणतोयस?"

ब्रेकने ओट्यावरचे कप सरळ करून ठेवले.

"मी तुला बोल लावत नाही," ती म्हणाली. "तू माझ्या भल्याचंच बघितलंस. पण मुलाकडे गेले तर बंद केलेल्या बाल्कनीत कॉट टाकणार आहेत. सून चांगली आहे, बिचारीने पडदाही आणलाय. पण तिथे माझी बेल कोण वाजवणार? मला ब्लडप्रेशर आहे की नाही हेसुद्धा तिथे मलाच बघायला लागेल."

"माझे आहेत थोडे, ते घे."

"तुझे किती आहेत ते मला माहीत आहे. तूही पडायचीच वाट बघतोयस की." तिने गाळणे झटकले. "इतकी वर्षं मी तुझं ऐकलं. एकदा तू माझं ऐक."

त्याच्याजवळ सगळी कारणे होती. ती त्याने एकेक मनात उचलून पाहिली आणि परत ठेवली. ती सगळी याच स्वयंपाकघरात, याच ओट्याजवळ, वापरून झाली होती.

दुसऱ्या दिवशी तिने फोन केला. या वेळी तिने पाठ करून आणलेली नावे सांगितली, मास्तरांनी दिलेली. ब्रेकने नियमाप्रमाणे सौदा वाचून दाखवला. "बरोबर आहे ना, मॅडम?"

"बरोबर आहे, साहेब," ताई म्हणाली.

बाजार पडला नाही. नोकरीच्या उभ्या हयातीत पहिल्यांदाच ब्रेक रोज सकाळी तो न पडो म्हणून जीव मुठीत धरून बसे, आणि तो पडत नव्हता. दोन केक झाले. ताईचे पैसे वाढले. ज्या माणसाने इतक्या लोकांना ऐकवले की असे होत नसते, त्याच्या डोळ्यांदेखत होत होते. मास्तर जिन्यात म्हणाले, "बघा, बहिणीत दम आहे."

पण जेवढे वाढले तेवढ्यात फार तर घराचा ओटा आला असता. महिना भरत आल्यावर ताईने भावाला सोबत नेले आणि मालकाच्या मुलांना मुदत मागितली, आणखी सहा महिने.

थोरला मुलगा सभ्य होता. "काकू, तुम्हाला नाही म्हणायला जिवावर येतं," तो म्हणाला. "पण सहा महिन्यांनी याच किमतीला नाही देता येणार. बाजार बघताय ना. लोक शेअर विकून रोख घेऊन येतायत. आमच्या हातात दोन जण आहेत."

"तुमचं बरोबर आहे," ब्रेक म्हणाला. बहिणीसाठी मुदत मागायला येऊनही त्याला समोरच्याचीच बाजू पटली.

घर एका तरुण जोडप्याने घेतले. किल्ली द्यायच्या दिवशी ताईचे सामान खाली टेम्पोत चढले होते आणि ती रिकाम्या घरात नव्या मालकिणीला समजावत होती. मोरीचा नळ अर्धाच फिरवायचा. दुपारी या खिडकीतून ऊन येतं, धान्य ठेवायचं नाही. वरचे मास्तर रोज येतील, त्यांना आत घेऊ नका, पण नाहीही म्हणू नका.

नवरा भिंतीवर टकटक करून पाहत होता. कुठली पाडायची हे बहुधा ठरले होते. तो ब्रेकजवळ आला.

"तुम्ही काय करता, काका?"

"शेअर बाजारात आहे. किती वर्षं झाली आता."

"अरे वा," तरुण मनापासून म्हणाला. "म्हणजे ही सगळी तेजी आतून बघितलीत. आमचं हे घर त्यातूनच झालं. थोडे अजून ठेवलेत, आता विकावे का ठेवावे, तुम्हीच सांगा."

बाजार पडणार होता. ब्रेकला ते आजही तितकेच पक्के ठाऊक होते. त्याने तोंड उघडले. पलीकडच्या खोलीतून ताईचा आवाज येत होता. गॅसच्या शेगडीमागे हात पोचत नाही, तिथे लांब दांड्याचा झाडू लागतो.

"मला त्यातलं काही कळत नाही," ब्रेक म्हणाला.

तरुण हसला. मोठ्या माणसाचा विनय त्याला आवडलेला दिसला.

सगळे बाहेर आले. ताईने सवयीने किल्लीसाठी पर्समध्ये हात घातला, तो तसाच बाहेर काढला आणि ती बाजूला झाली. तरुणाने आपले नवे कुलूप दाराला लावले. ते जोडपे बोलत जिना उतरू लागले. ब्रेक दोन पायऱ्या उतरला आणि त्याने मागे पाहिले.

ताई दाराशीच होती. तिने कुलूप हातात धरून एकदा ओढले, मग पुन्हा एकदा, जरा जोरात.

"नीट लागलंय," ती म्हणाली, आणि कठड्याला धरून उतरू लागली.