करंगळीकडे जाणारी आडवाट

मी रंजिताच्या उजव्या हातातल्या मज्जातंतूची एक बारीक शाखा बोलतेय. ऑपरेशननंतर लहानग्या मुलाला, कुंदनला, कडेवर घेता येईल ना, या एकाच काळजीने तिची झोप उडाली. मला तर मुळात झोपच नसते.

हातात दोन मोठे तंतू खाली उतरतात. एक कोपराच्या पुढून अंगठ्याकडे, दुसरा कोपराच्या मागून करंगळीकडे. बहुतेकांच्या हातात ते आपापल्या वाटेने जातात. रंजिता आईच्या पोटात असतानाच मी पहिल्यातून निघाले आणि कोपराखाली आडवी जाऊन दुसऱ्याला मिळाले. का, ते मला विचारू नका. करंगळीकडचे काही निरोप मीही पोहोचवते, एवढंच. इतकी वर्षं कुणाला पत्ताच नव्हता.

यंदा मिरचीच्या दिवसांत तिची बोटं झोंबू लागली. नंदुरबारात तेव्हा कुणाची झोंबत नाहीत? ती तूप चोळत राहिली आणि खाटेच्या दांडीवर कोपर टेकवून देठ खुडत राहिली. शेवटी सासूबाई, जमनाबाई, म्हणाल्या, "मिरची काय दोनच बोटे देखीसन झोंबस का वं?"

खरंच, झोंबत होती ती करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. बी.एस्सी. झालेल्या रंजिताला हे सुचलं नव्हतं.

दवाखान्यात तंतूंच्या तपासणीत मनगटावर विजेचा बारीक झटका दिला, तर करंगळीकडचा स्नायू जोरात उडाला. कोपरामागे दिला, तर जेमतेम. "निरोप कोपरातच अडतोय. ऑपरेशन लागेल," डॉक्टर म्हणाले.

अहो, बरेच निरोप त्या वाटेने येतच नाहीत, माझ्यातून येतात. पण मला तोंड कुठे आहे?

रंजिताला राहवेना. ती सुरतला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी कोपराच्या पुढे, अंगठ्याकडच्या तंतूवर झटका दिला आणि करंगळीकडचा स्नायू उडाला. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. "इथे आडवी शाखा आहे. कोपरात दाब आहे, पण थोडा. ऑपरेशन नको. कोपर टेकवायचं नाही, वाकवून झोपायचं नाही."

रंजिताची पुढची काळजी तयारच होती. "माझ्या मुलाच्या हातातही असेल का?"

"असू शकते. त्रास काही नसतो. कधी हात तपासला, तर तेवढं सांगायचं."

माझंही एवढंच मागणं. हात तपासणाऱ्यांनो, कोपर कापण्याआधी मला एकदा हाक मारा. मी नसले तर सोडून द्या.

परतताना गाडीत रंजिता कुंदनचा हात उलटसुलट करून बघत राहिली. मग म्हणाली, "तुन्हा हातमा बी मन्हासारखीच तार व्हई."

कुंदनने स्वतःचा हात पाहिला, मग तिचा.

"मंग तुले दुखस ते माले का दुखत नई?"