कोपऱ्यापर्यंतची गाडी

बत्तीस कॅरेट काकडी भरून झाली, दोर आवळून झाला, आणि धाकट्याने गाडी दारातून बाहेर काढली. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गाडी ऐटीत गेली. तिथे तिने दोन आचके दिले आणि गप्प झाली.

थोरला ओसरीवर खाटेत पडून होता. उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरात. तीन आठवड्यांपूर्वी याच गाडीवर चढून दोर सोडताना त्याचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून गाडी जागची हलली नव्हती. आज धाकट्याच्या काकडीचा पहिला तोडा, म्हणून थोरल्याने आपणहून उशाखालची चावी काढून दिली होती. इंजिन धडधडलं तेव्हा त्याला बरं वाटलं, आणि गाडी दाराबाहेर पडता पडता त्याला आठवलं. हाक मारायला त्याने तोंड उघडलं. मग मिटलं. हाक मारून सांगणार तरी काय होता?

कोपऱ्यावरून सेल्फचा आवाज येत राहिला. आधी जोरात, मग दमत दमत.

थोरली पदराला हात पुसत बाहेर आली. "अहो, काय झालं हिला?"

"मला काय विचारतेस? मी इथं पडलोय."

"गाडी तुमची. तिला शिंक आली तरी तुम्हाला कळतं, म्हणून विचारलं."

थोरल्याने तोंड भिंतीकडे वळवलं. गाडीला काय झालंय ते त्याला नेमकं ठाऊक होतं. टाकीतून निघणाऱ्या नळीवर डिझेल अडवायचा एक कॉक होता, आणि तो बंद होता. त्यानेच बंद केला होता, पडला त्या संध्याकाळी. रोजचा हाताचा शिरस्ता होता तो. गाडी लावली की टायर बघितल्यासारखं करून खाली वाकायचं, कॉक फिरवायचा, मग दोर सोडायला चढायचं. नळीत आणि फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर गाडी सुरू व्हायची आणि कोपऱ्यापर्यंत जायची. पुढे नाही. हे त्याच्या बायकोलाही माहीत नव्हतं.

सहा माणसांनी ढकलत गाडी परत दारात सावलीला आणली. भरल्या गाडीला ढकलणं म्हणजे जीव काढणारं काम. धाकट्याचा सदरा पाठीला चिकटला होता. मागून त्याची बायको आली, डोक्यावर ओल्या गोणपाटांची चळत घेऊन. घरातले सगळे तिला धाकटीच म्हणत. ती गाडीवर चढून कॅरेटवर गोणपाटं पसरायला लागली. पहाटे चारपासून दोघं वाकून तोडत होती. रोपं लावल्यापासून दोन महिने तिने त्या वेलांना घागरीने पाणी घातलं होतं, विहिरीवरची मोटार जळाली होती तेव्हाही. बाजारात दोन वाजता काटा बंद व्हायचा. त्यानंतर माल फक्त जनावरांपुढे टाकायच्या लायकीचा राहणार होता.

समोरच्या घरातला म्हातारा लगेच हजर झाला. त्याने कोर्टाची पायरी कधी पाहिली नव्हती, पण कुठल्याही भांडणात तो दोन्ही बाजूंनी बोलायचा, म्हणून गावाने त्याला वकील करून टाकलं होतं.

"डिझेल आहे का टाकीत?" वकील म्हणाला.

"काठोकाठ आहे, काका."

"मग बॅटरी उतरली असेल."

"आत्ता उतरली. आधी ठणठणीत होती."

"मी तेच म्हणतोय, बॅटरी नाहीच ती. नळीत हवा धरली असेल." वकील ओसरीच्या कडेवर ऐसपैस बसला. "डिझेलच्या गाडीचं असंच असतं. रुसली की रुसली."

धाकट्याने बॉनेट उघडलं. वाकून आत बघत तो म्हणाला, "दादा, हिने त्या दिवशीसारखंच केलं बघ. कोपऱ्यापर्यंत गेली आणि मेली. अगदी तंतोतंत."

तो दिवस घरात कुणी विसरलं नव्हतं. दोन वर्षं झाली. धाकट्याची पोरगी पाच वर्षांची होती, तापात तिला झटका आला होता. थोरला त्या दिवशी दुसऱ्या गावी गेला होता. धाकटा धावत आला, वहिनीकडून चावी घेतली, पोरीला गाडीत टाकलं, आणि गाडी कोपऱ्यावर मेली. भर दुपारी पोरीला खांद्यावर घेऊन तो चार किलोमीटर दवाखान्यापर्यंत पळत-चालत गेला. पोरगी वाचली. आता शाळेत जाते, चांगली दांडगाई करते. संध्याकाळी थोरला परतला तेव्हा धाकट्यानेच त्याला सांगितलं, आणि हा म्हणाला होता, "जुनी गाडी आहे रे. हवा धरली असेल."

कॉक बसवून तेव्हा जेमतेम महिना झाला होता. त्याआधी धाकट्याने दोनदा न विचारता गाडी नेली होती. एकदा बंपर वाकवून आणला, एकदा टाकी कोरडी करून. भांडण करायचा थोरल्याचा स्वभाव नव्हता. तो पोटात ठेवणारा माणूस. लांबच्या गॅरेजात जाऊन त्याने गुपचूप कॉक बसवून घेतला आणि आपण फार शहाणपणा केला असं त्याला वाटलं. पोरीच्या त्या दुपारनंतर कॉक काढून टाकायचं त्याने शंभरदा ठरवलं. पण काढायचा म्हणजे पुन्हा गॅरेज, पुन्हा कुणाला तरी कारण सांगणं. आज करू, उद्या करू यात दोन वर्षं गेली, आणि हात रोज संध्याकाळी आपला वाकून तो बंद करत राहिला.

अकरा वाजता बोलावलेला गाडीचा मिस्त्री मोटारसायकलवरून आला. येताना दुसरी बॅटरी बांधून आणली होती. माणूस कामाचा होता, तोंडाचा नव्हता. त्याने सेल्फ मारून आवाज ऐकला, फिल्टरची नळी सोडली, फिल्टरवरचा हातपंप अंगठ्याने दाबायला सुरुवात केली.

"असा शंभरदा दाबायचा," तो धाकट्याला म्हणाला. "डिझेल वर आलं की पंप घट्ट लागतो. मग हवा काढू."

धाकट्याने शंभरदा दाबला. मग आणखी शंभरदा. पंप मऊचा मऊ. अंगठा लाल झाला तसा त्याने हात बदलला. ऊन सरकत गाडीच्या टपावर आलं. थोरली पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो त्याने अर्धा प्यायला आणि अर्धा डोक्यावर ओतला.

"फिल्टर तुंबला असेल," वकील म्हणाला.

मिस्त्रीने नवा फिल्टर घातला. काही नाही.

"मला वाटलंच, फिल्टर नाहीच तो," वकील म्हणाला.

थोरल्याला हे बघवेना. हा धाकटा भाऊ दवाखान्यात आठ रात्री त्याच्या खाटेखाली फरशीवर झोपला होता. घरी आणल्यापासून रोज संध्याकाळी येऊन त्याला उचलून न्हाणीत नेत होता, अंघोळ घालत होता. मोठ्या भावाला नागडं बघायची वेळ आली तरी त्याने कधी तोंड वाकडं केलं नाही. आणि इकडे आपण खाटेवर पडून त्याचा अंगठा सोलवटताना बघतोय. थोरल्याला स्वतःची किळस आली.

"अरे," त्याने हाक मारली, "मला जरा गाडीजवळ ने. मी बसून सेल्फ मारून बघतो. माझ्या हाताची सवय आहे तिला."

"दादा, पाय..."

"ने म्हणतो ना!"

धाकट्याने त्याला पाठुंगळी घेतलं, थोरलीने प्लास्टरचा पाय सावरला. दोघांनी मिळून त्याला ड्रायव्हरच्या सीटवर आडवं बसवलं, पाय दाराबाहेर. टाकी त्याच बाजूला, दाराच्या खाली होती, कॉक तिच्या वरच्या पत्र्याआड. नुसतं वाकून हात घातला की झालं असतं. कुणाला काही कळलं नसतं. सगळे इंजिनाकडे बघतायत असं पाहून थोरला वाकला. प्लास्टर वाकू देईना. दात आवळून त्याने आणखी रेटा दिला, मांडीतून कळ डोक्यात गेली. बोटं पत्र्याला लागली. पुढे वीतभर अंतर उरलं, ते काही केल्या सरेना.

"दादा, काय शोधतोस?" धाकटा समोर उभा होता.

"काही नाही. टायर बघत होतो."

धाकट्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "गाडीचं मनाला लावून घेऊ नको रे. होईल सुरू. तुझी गाडी मी भंगारात जाऊ देणार नाही." आणि त्याला पुन्हा पाठुंगळी घेऊन खाटेवर आणून ठेवलं. थोरल्याने चादर ओढून तोंडावर घेतली, माश्यांचं निमित्त करून.

साडेबारा वाजून गेले. मिस्त्री हात पुसत ओसरीपाशी आला.

"टाकीतूनच डिझेल येत नाही. आत गाळ बसला असणार. टाकी उतरवावी लागेल."

"किती वेळ लागेल?" धाकट्याने विचारलं.

"माल खाली घ्या, टाकी रिकामी करा, बोल्ट गंजलेत. संध्याकाळ होईल."

गाडीवर उभी असलेली धाकटी हे ऐकून मटकन कॅरेटवर बसली. हातातलं गोणपाट तिने पुन्हा बादलीत बुडवलं, पिळलं, आणि कुठे टाकावं ते न कळून तसंच मांडीवर धरून ठेवलं. पाणी तिच्या लुगड्यावर गळत होतं.

मिस्त्रीने पान्यांची पिशवी उचलली.

"टाकी उतरवू नका," थोरला म्हणाला.

सगळ्यांनी वळून बघितलं.

"ड्रायव्हरच्या बाजूला, टाकीच्या वर, पत्र्याआड कॉक आहे. तो बंद आहे. उघडा, आणि हवा काढा."

"कॉक?" वकील सरसावून बसला. "कंपनी कधीपासून कॉक द्यायला लागली?"

"कंपनीने नाही दिला. मी बसवलाय."

"कशासाठी?"

चोरांच्या भीतीने, असं सांगता आलं असतं. शब्द तोंडापर्यंत आलेही होते, आणि वकिलानेही त्यावर मान डोलावली असती. पण धाकटा त्याच्याकडे बघत होता, आणि थोरला आता दमला होता. खोटं सांभाळायलाही अंगात बळ लागतं. ते उरलं नव्हतं.

"घरातल्या कुणी न विचारता गाडी नेऊ नये म्हणून," तो म्हणाला.

धाकटा गाडीपाशी गेला, जमिनीवर आडवा झाला, पत्र्याआड हात घातला. मिस्त्रीने हातपंप दाबला. वीस-पंचवीस दाबात पंप घट्ट झाला, नळीच्या तोंडाशी फेस आला, मग स्वच्छ डिझेल. मिस्त्रीने नट आवळला आणि मान हलवली. धाकट्याने चावी फिरवली. गाडी पहिल्या सेल्फला लागली.

धाकटी पुढे येऊन त्याच्या शेजारी बसली. गाडी तशीच जागेवर धडधडत राहिली. धाकट्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"दादा," तो समोर बघतच म्हणाला, "त्या दिवशीही बंद होता?"

"हो."

गिअर पडला. गाडी गेली, कोपरा वळली, आणि तिचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. मिस्त्रीने पिशवी बांधली. वकील उठला, धोतर झटकलं आणि एकही शब्द न बोलता घरी गेला. थोरली खांबाला टेकून उभी होती.

"मला तरी सांगायचं होतं," ती म्हणाली.

"तुला सांगितलं असतं तर तू काढायला लावला असतास."

"म्हणूनच सांगायचं होतं," ती म्हणाली आणि आत गेली. दिवसभर ती त्याच्याशी पुन्हा बोलली नाही. जेवणाचं ताट मात्र वेळेवर आणून ठेवलं.

दुपार काही केल्या सरेना. थोरल्याने आढ्याच्या काठ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. आज संध्याकाळी अंघोळीला कोण उचलणार, हा विचार मनात आला तशी त्याला आपलीच लाज वाटली. माणूस आपल्या सोयीचंच बघतो.

दिवस मावळताना गाडी आली. रिकामी कॅरेटं उतरवल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ काही नाही. मग पायऱ्यांवर पावलं वाजली, आणि धाकटा खाटेपाशी येऊन उभा राहिला.

"चल," तो म्हणाला.

त्याने रोजच्यासारखं त्याला उचललं, न्हाणीत स्टुलावर बसवलं, प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधली. पाणी हाताने बघून घेतलं, थोडं गार मिसळलं. पाठीवर तांब्या ओतला.

"काटा मिळाला का?" थोरल्याने विचारलं.

"मिळाला. शेवटून दुसरी गाडी आपली."

साबणाचा हात पाठीवर फिरत राहिला. थोरल्याला ते सोसेना.

"काहीतरी बोल रे. शिव्या दे. पण असा गप्प राहू नको."

धाकट्याचा हात थांबला.

"पोरीचे डोळे पांढरे झाले होते, दादा. खांद्यावर घेऊन पळत होतो. चार किलोमीटर मी त्या गाडीला शिव्या घातल्या. येतील तेवढ्या घातल्या. तुला एकही नाही घातली." त्याने टॉवेल बादलीत बुडवून पिळला. "म्हणत होतो, दादा घरी असता तर त्याने हिला सुरू केलं असतं."

थोरला मान खाली घालून, ओल्या अंगाने स्टुलावर रडत राहिला, लहान पोरासारखा, हुंदके देऊन.

"पाय वर घे," धाकटा म्हणाला. "प्लास्टर भिजेल."

थोरल्याने पाय वर घेतला. धाकट्याने उरलेली पाठ चोळून काढली, रोजच्यापेक्षा जरा जोरात.