तीस मेंबर, चोपन्न ताटं

त्र्याहत्तरची दिवाळी सरली तरी सुरतजवळच्या उधन्यातल्या काशीबाईच्या खानावळीत मेंबर तीसच्या तीस होते, म्हणून तिचा मुलगा श्रीपत खुशीत होता. शेजारची खोलीही घेऊन टाकू, मालक आजच अनामत मागतोय, असा त्याने धोशा लावला.

काशीबाईने दुसरीतच शाळा सोडलेली, पण पिठाचा डबा तिला बरोबर वाचता यायचा. महिना संपला तरी ज्वारीचं पीठ उरलं होतं. जेवणारे तितकेच, मग पीठ उरलं कसं?

तिने चुना कालवून भिंतीवर रेघा ओढल्या. दोन वेळ जेवणाऱ्याच्या दोन, एक वेळ जेवणाऱ्याची एक. या महिन्यात सहा जण सोडून गेले, ते सगळे दोन वेळचे. सहा नवे आले, ते फक्त संध्याकाळचे. रोजची साठ ताटं चोपन्नावर आली होती.

"तू डोकी मोजत बसलास," ती श्रीपतला म्हणाली. "बारा ताटं उठून गेली, सहा आली. नव्यांच्या आड गेलेले तुला दिसलेच नाहीत."

मग कोण कुठे बसायचा ते तिने आठवलं. एका पंगतीला सून प्रभावती वाढायची, दुसरीला ती स्वतः. गेलेले सहाही तिच्याच पंगतीतले निघाले. प्रभावतीने हसू लपवायला पदर तोंडाला लावला, ते सासूला कळलंच.

काशीबाई तरातरा गेलेल्या सहांपैकी धुडकूच्या खोलीवर गेली. कापडाच्या लूमवर काम करणारा धुडकू वर्षभर तिच्याकडे जेवलेला, आता चहात पाव बुडवून खात होता. माझ्या जेवणात काय खोट होती, असं तिने उंबऱ्यातूनच विचारलं.

"तुमच्यासारखी भाकरी कुठं नाही, माय," धुडकू हसत म्हणाला. "पण तिसरी मागितली की तुम्ही विचारता, गावाकडे दुष्काळ होता का रे? होता ना. म्हणून तर सुरतेला आलो."

चूक झाली म्हणणं काशीबाईच्या जिभेला जमतच नव्हतं.

"तो पाव ठेव," ती म्हणाली. "संध्याकाळी जेवायला ये. वाढायला सून आहे."

त्या संध्याकाळपासून ती चुलीशी बसली. धुडकूच्या ताटात तिसरी भाकरी न मागता पडली, चौथीही पडली. महिनाअखेर सहांपैकी चार जण परत आले. चौतीस झाले, आता तरी खोली घेऊ, श्रीपत म्हणाला.

"दोघं अजून बाहेर जेवतायत. आधी त्यांना बोलावून आणते."

"मीही येते, आत्या," प्रभावती लगबगीने हात धूत म्हणाली. "बोलणं माझ्यावर सोडा."



काशीबाईने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं, आणि मानेने तिला पुढे चालायची खूण केली.